शेवटच्या वर्षांची करामत

मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद. हिशेबाच्या वह्या आणि कर्जखतं ओढून काढून त्यांनी पेटवून दिली. बघता बघता हे लोण पुणे-अहमदनगर भागात पसरलं. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर एक प्रकरण आलं: कर्ज १०० रुपयांचं आणि त्यावर आकारलेलं व्याज २,००० रुपयांहून जास्त!

एवढं व्याज झालं कसं? गंमत म्हणजे, व्याज साचू नये म्हणून केलेल्या कायद्याचाही त्याला हातभार लागला होता. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांपुरतंच ग्राह्य ठरवलं. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. तीन वर्षं भरली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, त्या फुगलेल्या रकमेचं नवं खत लिहायचं आणि कुळाकडून अंगठा उठवून घ्यायचा. म्हणजे आता व्याजालाही व्याज. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा जुना दंडक होता, पण नव्या खतात कालचं व्याजच मुद्दल होऊन बसलं.

आता आजचं दृश्य पाहा. दर ३१ मार्चला देशभरातल्या पीपीएफ खात्यांत नेमकी हीच क्रिया होते: वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावरही व्याज सुरू होतं. गणित तेच. फक्त सावकाराच्या जागी आता खातेदार बसला आहे.

एक पासबुक डोळ्यांसमोर आणा. दर वर्षी ५ एप्रिलच्या आत ५०,००० रुपये भरायचे. ‘आत’ अशासाठी, की पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मोजतात. ६ तारखेला भरलं तर तो महिना कोरडा गेला. एप्रिल २०२०पासून व्याजदर ७.१ टक्के आहे, तोच कायम धरू. पहिल्या वर्षाचं व्याज ३,५५० रुपये. हे बघून कुणाचा उत्साह वाढेल? पण दहाव्या वर्षी व्याज होतं सुमारे ४९,३०० आणि अकराव्या वर्षी ५६,३००. म्हणजे अकराव्या वर्षी खात्यात तुमच्यापेक्षा व्याजच जास्त भर घालतं.

आणि हा क्षण रकमेवर अवलंबून नाही! वर्षाला ५०० रुपये भरा की दीड लाख, या दराने तो अकराव्या वर्षीच येतो. कारण साधं आहे: याच सुमारास पहिल्या वर्षी भरलेला रुपया दुप्पट होतो, त्याचं व्याज मुद्दलाला गाठतं. दामदुपटीचा दंडक कर्जदाराच्या रक्षणासाठी नेमका या टप्प्यावर आडवा उभा राहत असे. बचत करणाऱ्याची खरी मजा तिथूनच पुढे सुरू होते.

पंधरा वर्षांनी खात्यात साडेतेरा लाख जमतात. त्यात व्याज सहा लाख. पीपीएफची मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ती वाढवत तीस वर्षं तेवढेच पैसे भरत राहिलात, तर होतात साडेएक्कावन्न लाख. पुढच्या पंधरा वर्षांतही तुम्ही भरले तेच साडेसात लाख, पण व्याज मिळालं तीस लाखांवर, म्हणजे पाचपट. एकट्या तिसाव्या वर्षाचं व्याज ३ लाख ४१ हजार!

म्हणून “दहा वर्षं उशिराने सुरू केलं तर काय बिघडलं?” या प्रश्नाचं उत्तर चकित करणारं आहे. तिसाव्याऐवजी चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीला हाती येतात सुमारे बावीस लाख. भरणा फक्त पाच लाखांनी कमी, पण गमावले एकोणतीस लाख. आपल्याला वाटतं सुरुवातीची किरकोळ व्याजाची दहा वर्षं गेली. प्रत्यक्षात ती वर्षं प्रत्येकाच्याच वाट्याला येतात, कधीही सुरू करा. उशीर केला की कापली जातात ती शेवटची दहा, जिथे सगळी करामत दडलेली असते.

हे हिशेब तोंडी करायची युक्ती जुनी आहे. ७२ला व्याजदराने भागा. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. १४९४मध्ये व्हेनिसला छापलेल्या लुका पाचोलीच्या गणिताच्या ग्रंथात हा नियम आहे. काटेकोर आकडा ६९.३च्या आसपास निघतो, पण ७२ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो आणि रोजच्या व्यवहारातल्या दरांना त्याचं उत्तर जवळपास अचूक येतं.

हीच युक्ती महागाईला लावली की मात्र चेहरा उतरतो. महागाई ६ टक्के असेल तर भाव बारा वर्षांत दुप्पट. आज महिन्याला ३०,०००मध्ये भागणाऱ्या घराला तीस वर्षांनी पावणेदोन लाखांच्या आसपास लागतील. चक्रवाढ दोन्ही बाजूंनी खेळते. ७.१मधून ६ वजा जाता हाती उरतो जेमतेम एक टक्का.

म्हणून लांब पल्ल्याच्या बचतीत थोडा वाटा शेअर बाजाराचा ठेवतात. १९७८-७९ला १०० धरलेला सेन्सेक्स जुलै २०२४मध्ये ८०,००० ओलांडून गेला: पंचेचाळीस वर्षांत आठशेपट, लाभांश वेगळाच. पण याच सेन्सेक्सने जानेवारी २००८मध्ये २१,०००ला शिवून मार्च २००९मध्ये ८,०००च्या घरात लोळण घेतली होती. उद्याही तसंच वाढेल याची हमी कुणी देत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवू नये, ते याचसाठी.

यातलं सगळ्यात सोपं काम नोकरी बदलताना करायचं असतं. जुन्या कंपनीतला पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट भरायचा मोह होतोच. २८व्या वर्षी खात्यात दोन लाख आहेत असं समजा. २०२४-२५साठी जाहीर झालेला ८.२५ टक्के दर पुढेही टिकला, तर ५८व्या वर्षी त्यांचे एकवीस लाखांवर होतात, वर एक पैसाही न भरता. तेव्हा पैसे काढायच्या अर्जाऐवजी जुनं खातं नव्या कंपनीकडे वळवायचा अर्ज भरा.