काचेवरचा चांदीचा पडदा

माणिकगडच्या डोंगरावर जिवतीला आम्ही सिमेंटचे घर बांधले, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत मोठी काचेची खिडकी मी हौसेने बसवून घेतली. पहिल्याच मे महिन्यात ती हौस फिटली. मग काचेला आतून काळी फिल्म चिकटवली. खोलीत अंधार झाला, उकाडा मात्र फारसा हटला नाही. काचेला हात लावला तर चटका बसला. उत्तर त्या चटक्यातच होते.

सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. साधी काळी फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश अडवते, आणि तोही शोषून घेऊन. तापलेली काच मग तव्यासारखी खोलीत उष्णता फेकते. साध्या काचेची उत्सर्जकता सुमारे ०.८४, म्हणजे या कामात ती पटाईतच.

यावर उपाय म्हणजे ‘लो-ई’ काच. निर्वात पेटीत चांदीच्या पत्र्यावर अरगॉन वायूच्या आयनांचा मारा करतात. उडालेले चांदीचे अणू काचेवर जाऊन बसतात. हा थर साधारण १० नॅनोमीटरचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! इतक्या पातळ थरातून उजेड आरपार जातो. चांदीतील मुक्त इलेक्ट्रॉन मात्र अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात परतवतात. खालीवर धातूंच्या ऑक्साइडचे थर दिले की चकाकी कमी होते. उत्सर्जकता ०.१ च्याही खाली येते. चांदी हवेने काळवंडते, म्हणून हा थर दुहेरी काचेच्या बंद पोकळीत आतल्या बाजूला ठेवतात.

थंड देशांत हीच युक्ती घरातली ऊब राखते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे या संशोधनाला जोर आला. आपल्याला मात्र ऊन बाहेर ठेवायचे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. त्या हिशेबात काचेच्या गुणाबरोबर बाहेरची सावलीही धरतात.

हे वाचले आणि मी फिल्म खरवडून काढली. मावळतीचे तिरपे ऊन छज्जाखालून आत शिरते, म्हणून खिडकीबाहेर बांबूचा तट्टा उभा बांधला. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडले. चांदीची काच परवडेल तेव्हा जरूर घ्यावी. तोवर सावली बाहेर हवी, आत नव्हे.