आई रविवारी घरी नसते

पन्नाशीची आई ‘स्वतःसाठी’ काही करायला लागली की आपण कौतुकानं तिचा फोटो स्टेटसला ठेवतो. पण त्यापायी आपलंच वेळापत्रक कोलमडलं तर? खडवलीच्या एका घरातली, म्हणजे माझ्याच घरातली ही गोष्ट.

‘‘या रविवारी येऊ नकोस गं. मी नाहीये घरी.’’

२०२४ च्या ऑगस्टमधली शुक्रवारची संध्याकाळ. डोक्यावर डेडलाइन, समोर गार झालेली कॉफी आणि फोनवर आई. मी दोन सेकंद गप्पच! रविवार, खडवलीचं घर, कुकरची शिट्टी आणि आई हे माझ्या डोक्यात एकच पॅकेज होतं. ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, आईच्या हातचं जेवायचं, दुपारभर लोळायचं आणि संध्याकाळी डब्यांची पिशवी घेऊन परत. गेली चार वर्षं हा कार्यक्रम एकदम फिक्स होता.

‘‘कुठे चाललीयेस?’’

‘‘कल्याणला. क्लास आहे.’’

‘‘कसला क्लास?’’

‘‘दहावीचा.’’

मी हसले. आई हसली नाही.

तुम्हा-आम्हाला खडवली ठाऊक असते ती पावसाळ्यातल्या भातसा नदीमुळे. पण राहणाऱ्यांसाठी खडवली म्हणजे आधी गाडीचं टायमिंग. टिटवाळा लोकल एक स्टेशन अलीकडेच संपते. त्यामुळे कसाऱ्याची किंवा आसनगावची गाडी चुकली की बसा फलाटावर. आईनं तीस वर्षं बाबांना, दादाला आणि मला गाड्या पकडून दिल्या. आमच्या डब्यांची वेळ मिनिटावर ठरलेली. ती स्वतः मात्र गाडीत चढायची ती लग्नकार्य, बाजार किंवा हॉस्पिटल यासाठीच.

‘वय झालं’ म्हणजे काय?

सुरुवात तीन वर्षं आधी झाली होती, पण आमच्या लक्षातच आलं नाही. आईला मध्येच दरदरून घाम फुटायचा. भर जानेवारीत पंखा फुल. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. ‘‘अंगातून वाफा निघतात गं,’’ ती सांगायची. मी काय करावं? मेडिटेशनचं एक अ‍ॅप डाउनलोड करून दिलं आणि विषय संपवला. बाबा म्हणाले, ‘‘वय झालं आता.’’

त्या वेळी ती ४७ वर्षांची होती. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात, पण शरीरातली उलथापालथ त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होते. म्हणजे आपण जेव्हा पहिल्या नोकरीत, पहिल्या ब्रेकअपमध्ये किंवा लग्नाच्या हॉलच्या बुकिंगमध्ये बुडालेले असतो, नेमक्या त्याच वर्षांत आईच्या शरीरात हे सगळं चालू असतं. दोघींनाही समजून घेणारं माणूस हवं असतं. ऐकून घेतलं जातं ते आपलंच.

शेवटी आई एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळ्या दिल्या, हाडांची काळजी घ्यायला सांगितलं आणि रोज चाला म्हणाले. आई चालायला लागली. एका सकाळी चालता चालता शाळेच्या कुंपणापाशी थांबली आणि तिथे लावलेली सूचना वाचून आली. दहावीसाठी खासगी विद्यार्थ्यांनी भरायचा १७ नंबरचा फॉर्म!

दाखल्यावरचं नाव

आईनं नववी पास होऊन शाळा सोडली होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो तिनं इतकी वर्षं ट्रंकेत, शालूच्या घडीत जपून ठेवला होता. आमच्या घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं. आडनावच नाही, पहिलं नावसुद्धा. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, तसं तिचंही बदललेलं. बोर्डाचं हॉल तिकीट त्या दाखल्यावरच्याच नावानं आलं. खडवलीत तिला त्या नावानं हाक मारणारं एकही माणूस नाही. ‘‘क्लासमध्ये सरांनी हजेरीला नाव घेतलं ना, तर मी दुसऱ्याच कुणाचं तरी समजून बसून राहिले,’’ आई सांगत होती. सांगताना हसत होती, पण मला काही हसता आलं नाही.

सेल्फ-डिस्कव्हरी वगैरे शब्द आपण ट्रेकिंगच्या फोटोखाली टाकतो. आईला तो शब्द माहीत नाही. तिला हजेरीला ‘हजर’ म्हणायला शिकावं लागलं.

मग बाळ कोण सांभाळणार?

इथपर्यंत सगळं सॉलिड इन्स्पिरेशनल होतं. मी फॅमिली ग्रुपवर ‘प्राउड ऑफ यू आई’ टाकलं, वहिनीनं तीन हार्ट टाकले. खरी परीक्षा जानेवारीत सुरू झाली.

दादा-वहिनीला जुलैमध्ये मुलगी झाली होती. वहिनीची २६ आठवड्यांची रजा जानेवारीत संपत होती आणि त्यानंतर आई डोंबिवलीला राहायला येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, नुसतं ठरलं होतं. आईनं शांतपणे सांगितलं, ‘‘परीक्षा संपल्यावर येते. तोवर नाही जमणार.’’

झालं! दादा म्हणाला, ‘‘या वयात दहावी करून तुला काय मिळणार आहे?’’ आत्यानं फोन केला, ‘‘नातीपेक्षा पुस्तकं मोठी झाली का?’’ बाबा बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवून बसले. आणि मी? मी आईची बाजू घ्यायला हवी होती. मी म्हणाले, ‘‘आई, पुढच्या वर्षी दे ना परीक्षा.’’ हे लिहिताना आज लाज वाटते, पण म्हणाले खरी.

त्यावर आईचं उत्तर एवढंच, ‘‘पुढच्या वर्षी तुझं लग्न निघेल.’’

आपल्या सगळ्या करिअरचा फंडा असा आहे बघा. प्रमोशन, लेट नाइट कॉल, वीकेंड, सगळं कुणाच्या तरी आईच्या किंवा सासूच्या जिवावर उभं असतं. तिचा पगार नाही, रजा नाही, नोटिस पीरियड नाही. म्हणून तिनं ‘नाही’ म्हटलं की आपल्याला तो अन्याय वाटतो. कायदा काय म्हणतो? २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करायला हवी. खासगी नोकरीतल्या बाबांना मात्र कायद्यानं पितृत्व रजाच नाही. वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा एचआरला विचारलं, ‘‘आपलं पाळणाघर कुठे आहे?’’ ते नव्हतंच. मग डोंबिवलीत घराजवळ पाळणाघर शोधलं आणि दादानं आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. खर्च वाढला, भांडणं झाली. वहिनी नंतर मला म्हणाली, ‘‘मला आईंचा खूप राग आला होता. मग वाटलं, हिच्या वयाची होईन तेव्हा मलाही कुणी असंच गृहीत धरेल.’’

दुपारी दोन ते चार

आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला शिक्षक योगेंद्र बांगर यांनी साठीच्या पुढच्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. गुलाबी नऊवारी हा युनिफॉर्म, शिकवायला गावातलीच एक सून. त्या आज्यांचे फोटो जगभर गाजले. मला मात्र शाळेची वेळ लक्षात राहिली: दुपारी दोन ते चार. सकाळची कामं आटोपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी! सत्तरीतही बाईला पाटी मिळते ती कामांच्या मधल्या फटीत. पंचेचाळिशीत यांना कुणी एक दुपार दिली असती तर?

मधल्या वयात बाई नवं शिकते, यात तसं नवल नाही. रमाबाई रानड्यांनी वैधव्यानंतर, चाळिशीच्या पुढे, पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं आणि मोठ्या वयाच्या बायकांना शिकायची जागा दिली. आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये, ५७ व्या वर्षी, सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्तीआधी त्यांनी इगतपुरीपासून मुंबईपर्यंत राजधानी चालवली. ती गाडी खडवलीवरूनच गेली. अर्थात, न थांबता!

आईला यातलं कुणी व्हायचं नव्हतं. तिला फक्त रविवार हवा होता.

आता पुढे?

निकाल लागला. पाच विषय सुटले, गणित राहिलं. दादा पेढे आणायला निघाला होता, तो दारातच थांबला. आईनं मार्कशीट दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘‘भूमितीनं घात केला.’’ पुरवणी परीक्षेला पुन्हा फॉर्म भरला. या वेळी सकाळचा चहा बाबा करत होते. कसा करायचे ते विचारू नका. गणित सुटलं, तेव्हा पेढे त्यांनीच आणले.

आता आई आठवड्यातले तीन दिवस डोंबिवलीला जाते. कुठले तीन, ते तिनं ठरवलंय. बाकीचे दिवस ती अकरावी-बारावीची पुस्तकं चाळत असते. पुढे काय करणार ते सांगत नाही आणि मीही खोदून विचारत नाही.

तुमच्या आईला ‘तुझा छंद काय’ वगैरे विचारायला जाऊ नका, ती गोंधळून जाईल. तिच्या आठवड्यातली एक वेळ तेवढी तिची म्हणून सोडा. त्या वेळी फोन करू नका, डबा मागू नका. ती काय करतेय याची चौकशीही नको.

गेल्या रविवारी मी खडवलीला गेले. दाराला कुलूप. चावी शेजारच्या काकूंकडे होती. आत ओट्यावर चिठ्ठी होती: ‘भात लाव. मी साडेतीनच्या गाडीनं येते.’

मी कुकर लावला. पाणी जरा जास्त झालं.