मशेरीने दात साफ होतात का?

बचत गटाच्या बैठकीत "दात कशाने घासता?" असं विचारलं की सगळ्या जणी पेस्ट म्हणतात. गप्पा रंगल्या की मग खरं बाहेर येतं: पेस्ट पोरांना, आपल्याला मशेरी. म्हणून आज मशेरीबद्दलच बोलू.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजली की तिच्यातलं विष जळून जातं, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं होत नाही. निकोटीन राहतंच, वर जळण्यामुळे कर्करोग करणारी आणखी द्रव्यं तयार होतात.

मग दुखरी दाढ मशेरीने थांबते कशी? ती बरी होत नाही, बधिर होते. कीड आत चालूच असते. निकोटीनमुळे हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तही कमी दिसतं आणि आपल्याला वाटतं हिरड्या मजबूत झाल्या. प्रत्यक्षात त्या दातांपासून सुटत जातात, मुळं उघडी पडतात, दात हलायला लागतात. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही" हेही खोटं नाही. निकोटीन आतड्यांना चाळवतं. पण ती सवय आहे, औषध नव्हे. पोटुशी बाई मशेरी लावते तेव्हा ते निकोटीन बाळापर्यंत जातं आणि बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. आणि कौतुकाने नातीच्या बोटावर चिमूटभर ठेवणाऱ्या आजीला तर घरातल्यांनीच अडवायला हवं.

सोडताना पहिले काही दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळी कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा. तलफ आली की तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा, हाताला काम लावा. पाच-दहा मिनिटांत ती ओसरते. दोघी-तिघींनी मिळून सोडलं तर सोपं जातं, आणि गट तर आपल्याकडे आहेच! तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे: १८००-११-२३५६.

दात घासायला मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट पुरे. सकाळी घासताच, पण रात्री जेवणानंतर घासणं जास्त गरजेचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंचं फावतं. राखुंडी, विटेची पूड नको. त्याने दात झिजतात. कडुनिंबाची काडी चालेल, मात्र चावून मऊ करा आणि हिरडीवर घासू नका.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जिभेच्या कडा, ओठाची आतली बाजू पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ दिसली तर दुखत नसली तरी थांबू नका. सुरुवातीला हा रोग दुखतच नाही. आशाताईंना सांगा, पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढच्या तपासणीची गरज पडलीच, तर टाटा रुग्णालयाचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे.