एआय एजंटचा कोड तपासणारं टूल घेताय? आधी त्याचं डॉक्युमेंटेशन तपासा!



ऑर्डर घेणारं ॲप, छोटी बिलिंग सिस्टीम, क्लासच्या फीचा हिशोब... हल्ली हे सगळं एआय एजंटकडून बनवून घेणारे बरेच जण आहेत. खर्च कमी, काम झटपट. पण एजंटने लिहिलेला कोड बरोबर आहे का, हे कोण बघणार? मग कुणीतरी सुचवतं, "कोड-रिव्ह्यू टूल लाव, चुका आपोआप पकडेल."

डेमोमध्ये सगळं छानच चालतं. टूलची खरी ओळख होते ती डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे टूलसोबत दिलेल्या लेखी माहितीत. ती वाचायला कोडिंग यायलाच पाहिजे असं नाही. वजनकाटा घेताना आपण विचारतोच ना, किती किलोपर्यंत चालेल, स्टॅम्पिंग झालंय का? तसेच पाच प्रश्न इथे विचारायचे.

१. टूल फक्त सांगतं, की थांबवतंही?

चूक दाखवणं वेगळं आणि चुकीचा कोड पुढे जाऊ न देणं वेगळं. गिटहबने २०२५ मध्ये कोपायलट कोड-रिव्ह्यूच्या माहितीत हे सरळ लिहिलं होतं: कोपायलट फक्त शेरा देतो, मंजुरी देत नाही आणि कोड मुख्य प्रोजेक्टमध्ये जाणं अडवतही नाही. सगळ्या चुका सापडतीलच याची खात्री नाही, माणसानेही तपासावं, असंही तिथे होतं. हे वाचून टूल कमी दर्जाचं समजू नका. उलट मर्यादा स्पष्ट लिहिणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. "१०० टक्के चुका पकडतो" असं लिहिलेलं दिसलं, तर तिथे सावध व्हा.

२. टूल नेमकं कुठल्या टप्प्यावर काम करतं?

जुलै २०२५ मधली रेप्लिटची घटना आठवत असेल. सास्टरचे संस्थापक जेसन लेमकिन यांनी कोडमध्ये काहीही बदल करायचा नाही अशी सूचना दिलेली असताना एआय एजंटने त्यांचा चालू डेटाबेसच पुसून टाकला. रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. आता विचार करा, कोड-रिव्ह्यू टूलने हे थांबवलं असतं का? नाही. एजंटने थेट डेटाबेसवर कमांड चालवली होती. रिव्ह्यू टूल बघतं ते लिहिलेला कोड, एजंटने चालवलेली प्रत्येक कमांड नाही. दुकानाला पुढून कुलूप लावलं आणि मागचं दार उघडं ठेवलं, असा प्रकार होतो. म्हणून टूल काय बघत नाही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये शोधाच. आणि बॅकअप, तसंच एजंटला दिलेल्या परवानग्या, याची सोय वेगळी करा.

३. आपला कोड आणि डेटा जातो कुठे?

कोड कुठल्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो, त्यावर मॉडेल शिकवलं जातं का, टूलला फक्त वाचायची परवानगी लागते की बदलायचीही? ही चार उत्तरं लेखी हवीत. बऱ्याचदा टेस्टिंगसाठी ग्राहकांचे खरे मोबाईल नंबर कोडमध्येच टाकलेले असतात. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी व्यवसायाचीच राहते.

४. टूल "पास" कशाला म्हणतं?

इथे माणूस नाही, एजंट रिझल्ट वाचणार आहे. प्रोग्रॅम संपताना एक आकडा देतो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे ठीक, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे गडबड. आता समजा नेट गेलं आणि तपासणी झालीच नाही, तेव्हा टूल कुठला आकडा देतं? तेव्हाही शून्यच देत असेल, तर एजंट समजणार सगळं पास! याचं उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये तक्त्यासारखं मांडलेलं हवं. शिवाय एजंट दुरुस्ती करणार, टूल पुन्हा तपासणार, परत दुरुस्ती... या फेऱ्या कुठे थांबतात आणि पैसे प्रत्येक फेरीला लागतात का, तेही बघा. नाहीतर महिन्याचं बजेट आठवड्यात संपेल.

५. आपल्या धंद्याचा नियम टूलला सांगता येतो का?

हे वाचून सोडू नका, करून बघा. १,००० रुपयांची वस्तू, बिलातच १० टक्के सूट, जीएसटी १८ टक्के. कर लागणार ९०० वर, म्हणजे १६२ रुपये, आणि बिल १,०६२ चं. आता एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये मुद्दाम चूक ठेवा: कर १,००० वर लावा आणि मग सूट वजा करा. बिल येईल १,०८०. कोड बिनतक्रार चालेल, पण ग्राहकाकडून १८ रुपये जास्त जातील. रोज ५० बिलं असतील तर ९०० रुपये! नियम माहीत नसेल तर टूल ही चूक पकडेलच असं नाही. म्हणून असे नियम कुठल्या फाइलमध्ये, कसे लिहायचे, हे डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासह हवं. नियम लिहा, परत तपासा, चूक पकडली जाते का बघा.

निर्णय कसा घ्यायचा?

कागदावर पाच प्रश्न लिहा. पुढे तीनच रकाने: "हो", "नाही", "सापडलं नाही". अर्धा तास शोधूनही उत्तर मिळालं नाही, तर कंपनीला ईमेल करा. लेखी उत्तर येईपर्यंत "सापडलं नाही" म्हणजे "नाही"च धरा. पानावर शेवटच्या बदलाची तारीखही बघा. टूल दर महिन्याला बदलतंय आणि माहिती वर्षभर जुनी असेल, तर तिच्या भरवशावर वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका. महिन्याचं घ्या, जीएसटीची टेस्ट करा आणि मगच पुढचे पैसे भरा.