केळीवरचे चिलट आणि दादीचा थरथरता हात

धाराशिवच्या बाजारात पिकलेल्या केळींवर घोंघावणारी लाल डोळ्यांची चिलटे आपण हाताने हाकलतो. पेरू-आंबा आतून नासवणारी फळमाशी वेगळी. हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि ‘आयसर’मध्ये ते मुद्दाम पाळले जाते. कशासाठी?

घरातील जुन्या साड्या-ओढण्या आपण फेकत नाही, त्यांची गोधडी शिवतो. शरीरातील पेशीही तसेच करते. निकामी प्रथिने आणि मोडके भाग ती एका पिशवीत गुंडाळते आणि लायसोसोमकडे पाठवते. तिथे त्यांचे तुकडे होतात आणि तोच माल पुन्हा कामी येतो. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. मेंदूच्या पेशी सहसा बदलल्या जात नाहीत. त्यामुळे तिथे सफाई थांबली की कचरा साचतो. पार्किन्सन, अल्झायमर यांसारख्या आजारांत या बिघाडाचा हात दिसतो.

माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची जोड चिलटात सापडते. अंड्यापासून पूर्ण चिलट सुमारे १० दिवसांत तयार होते आणि दोन-तीन महिन्यांत म्हातारेही होते. नळीला टिचकी मारून ते तळाशी पाडतात. निरोगी चिलट झटकन वर चढते, आजारी मागे राहते.

पिंक-१ आणि पार्किन ही जनुके बिघडली की काही घराण्यांत कमी वयात पार्किन्सन होतो. २००६ मध्ये पिंक-१ नसलेल्या चिलटांत पार्किन वाढवले, तेव्हा त्यांचे स्नायू सुधारले. दोन्ही जनुके एकाच साखळीत काम करतात, हे त्यातून समजले. पेशीतील खराब झालेली ऊर्जाकेंद्रे हटवण्याचे काम ही जोडी करते, हे पुढे उलगडले.

रमजान आला की मोबाईलवर संदेश फिरतो : ‘रोज्यावर नोबेल मिळाले.’ २०१६ चे नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळाले, ते यीस्टच्या पेशींतील ऑटोफॅजीच्या अभ्यासासाठी. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, रोजा ही इबादत आहे. तिला खोट्या दाखल्याची गरज नाही. आजारी माणसाला तर दीननेच सवलत दिली आहे.

म्हणून दादीचा हात थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ‘रोज्याने पेशी साफ होतात’ म्हणून तिच्या गोळ्या बंद करू नयेत. रोजा ठेवायचा असेल तर गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांना विचाराव्यात. चिलटांवरचे संशोधन उद्याच्या औषधाचा रस्ता शोधत आहे. आजची गोळी आजच घ्यायची आहे.