थंडीत जुनी गाडी का रुसते?

पौषातली पहाट. अंगणात जुनी पद्मिनी उभी, एक जण स्टिअरिंगवर, चौघे मागून धक्का मारताहेत आणि मालक म्हणतो, "काल तं चालू होती ना बॉ!" आजाऱ्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे असले की ही गंमत राहत नाही.

कार्बोरेटरचे काम हवेत पेट्रोल मिसळण्याचे. वजनाने सुमारे 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल. इंजिन थंड असले की पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब वाटेतच चिकटून राहतात आणि प्लगपाशी पोचते ती बहुतेक नुसती हवा. म्हणून चोक ओढून पेट्रोल वाढवायचे.

त्यात आता आपल्याच घरचा माल आला आहे. उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये घालण्याचा प्रयोग 2001 साली मिरज व मनमाड येथे झाला. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के, 2022 मध्ये 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत मजल गेली. ऊसवाल्याला यात फायदा आहे, पण दुसरी बाजूही आपणच सांगितली पाहिजे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीच पट उष्णता लागते. जळायला त्याला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटमधून गेलेल्या मिश्रणात हवा जास्त होते. नव्या गाडीतला संगणक हे जुळवून घेतो. कार्बोरेटर बिचारा काय करणार! शिवाय इथेनॉल पाणी ओढते, जुने रबरी पाइप व पंपाचा पडदा फुगवते आणि टाकीतला गाळ सोडवून जेटमध्ये आणून बसवते.

आधी बॅटरी, प्लग आणि पॉइंट पाहा. पुष्कळदा दोष तिथेच असतो आणि शिव्या कार्बोरेटरला बसतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते. पंपाला हाताची दांडी असल्यास ती दहा-वीस वेळा मारा. मग चोक पूर्ण ओढून स्टार्टर मारा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. अनेक जुन्या सोलेक्स कार्बोरेटरांत थंडीसाठी पेट्रोलची वेगळी वाट असते. तिथे अॅक्सिलरेटर दाबला की ती वाट ओढच घेत नाही, म्हणून पाय दूर ठेवा. पेट्रोलचा भपकारा आला तर समजा, प्लग भिजले. अशा वेळी चोक आत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मग स्टार्टर.

कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची खोड मात्र सोडाच. उलटा भडका उडाला की आधी हात आणि मग गाडी जळते.

टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, विडी-काडी लांब ठेवून. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी शिरले आहे. टाकी रिकामी करून धुवावी लागेल. रबरी पाइप बदलताना इथेनॉल चालणारेच मागून घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करूनच ठेवा.