अंगावर कोड, कानात आवाज: दोन्हींचा संबंध आहे का?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आपल्या आतल्या कानातही असतात. ऐकण्यासाठी लागणारा विद्युतदाब टिकवायला त्या मदत करतात. कोडात त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होतात. कानातल्या पेशींनाही झळ पोहोचू शकते. काही अभ्यासांत कोड असलेल्यांना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असल्याचं दिसलं. पण कोडामुळेच कान वाजतात, हे सिद्ध झालेलं नाही.

सातारा असो की सांगली, आधी संशय घ्या मिरवणुकीतल्या डीजेचा आणि कारखान्यातल्या गोंगाटाचा. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे.

कान सतत वाजतात? कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.